विश्लेषण : गाण्यातून येमांजा वगळली, ब्राझीलमध्ये एवढा गहजब का?

डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या साल्वाडोर शहरात लोकप्रिय गायिका क्लाउदिया लेइते यांनी आपलेच एक जुने, गाजलेले गाणे गाताना त्यातले एक नाव बदलले. मूळ गाण्यात येमांजा या समुद्रदेवतेला वंदन आहे. इव्हँजेलिकल पंथाच्या अनुयायी झालेल्या लेइते यांनी तिच्याऐवजी येशूचे हिब्रू नाव घेतले. गाणे कार्निव्हलमध्ये नाचायचे, कुठल्या पूजेतले नव्हे. तरीही तक्रारी झाल्या आणि बाहिया राज्याच्या सरकारी वकिलांनी हा धार्मिक भेदभाव ठरतो का, याची चौकशी सुरू केली.

या वादात एक गोम आहे. येमांजाला ब्राझीलमध्ये कित्येक पिढ्या ख्रिस्ती नाव आहेच. नाविकांची रक्षणकर्ती मरीयामाता आणि येमांजा या दोघींना तिथले असंख्य भाविक एकच मानतात. मरीया चालत असेल तर येशू का चालू नये? त्याचे उत्तर शोधायचे तर ही गाणी मुळात करतात काय, हे आधी पाहावे लागते.

हे देव आले कुठून?

आफ्रिकेतून, गुलामांच्या जहाजांतून. १६ व्या शतकापासून १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. दोन्ही अमेरिका खंडांत पोहोचलेल्या एकूण गुलामांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या ब्राझीलमध्ये. गुलामगिरी संपवणारा कायदा तिथे १३ मे १८८८ रोजी झाला. अमेरिका खंडांतील देशांत सर्वात शेवटी.

या माणसांचे देव निरनिराळे होते. आजच्या नायजेरिया-बेनिनमधील योरुबा लोकांचे ‘ओरिशा’, त्यांच्या शेजारच्या फोन लोकांचे ‘वोदुम’, अंगोला-काँगोकडच्या बांटू भाषकांचे ‘इंकिसे’. बाहियात त्यांच्यापासून कांदोंब्ले नावाचा धर्म घडला. त्याच्या पूजास्थानाला ‘तेरेइरो’ म्हणतात, म्हणजे साध्या भाषेत अंगण. लोखंड, युद्ध आणि वाटा यांचा देव ओगुम, वादळाची इआन्सां, गोड्या पाण्याची ओशुम, खाऱ्या पाण्याची येमांजा, वीज आणि न्याय यांचा शांगो, देवी-पटकीसारखे रोग देणारा आणि तेच बरे करणारा ओमोलू, आणि सर्वांत वडील, पांढऱ्या वस्त्रांतला ओशाला.

दुसरा धर्म उंबांदा. तो २० व्या शतकातला, रिओ डी जानेरोकडचा. त्याची प्रचलित जन्मकथा अशी की १९०८ मध्ये रिओसमोरच्या नितेरोय शहरात झेलिओ द मोराइस हा तरुण मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांच्या बैठकीला गेला. तिथे मूलनिवासी आणि कृष्णवर्णीय गुलाम यांचे आत्मे आले, की ‘मागासलेले’ म्हणून त्यांना परत पाठवत. त्या दिवशी झेलिओच्या तोंडून एक मूलनिवासी आत्मा बोलला, की यांना इथे जागा नसेल तर उद्यापासून आमची वेगळी बैठक भरेल. इतिहासकार या कथेकडे सावधपणे पाहतात. पण उंबांदाचा स्वभाव तिच्यातून नेमका कळतो. इथे ओरिशांबरोबर खालच्या पायरीवरचे, माणसांच्या जवळचे आत्मे येतात : म्हातारे गुलाम म्हणजे ‘प्रेतो-वेल्यो’, रानातले ‘काबोक्लो’, लहान मुले, खलाशी, गुराखी आणि नाक्यावरचे ‘एशू’. मराठीत यांच्या सर्वात जवळ जाणारा शब्द कोकण-गोव्याकडचा राखणदार. ते मोक्षाच्या गोष्टी फारशा करत नाहीत. नोकरी, दुखणे, नवऱ्याचे दारूचे व्यसन, शेजाऱ्याची वाईट नजर, असल्या गोष्टींत लक्ष घालतात.

गाणे नेमके काय काम करते?

कांदोंब्लेत गाण्याशिवाय देव येत नाही. ही अलंकारिक भाषा नव्हे, विधीचा नियम आहे. हुम, हुंपी आणि ले या तीन उंच ढोलांना मिळून ‘अताबाके’ म्हणतात. त्यांच्या जोडीला लोखंडी घंटा. आपल्या सवयीला थोडे उलटे वाटेल, पण इथे बारीक आवाजाचे दोन ढोल आणि घंटा ठेका धरून ठेवतात आणि सर्वात मोठा, खर्जातला हुम बोलतो. नाचणाऱ्याच्या अंगात आलेला ओरिशा कुठे वळेल, कुठे थांबेल, हे हुम सांगतो. तो वाजवणाऱ्या प्रमुखाला ‘अलाबे’ म्हणतात. ढोलांनाही दीक्षा असते, त्यांना नैवेद्य असतो, आणि येणारा-जाणारा त्यांना हात लावून वंदन करतो.

प्रत्येक देवाचा ठेका वेगळा. ओशुमचा ‘इजेशा’ संथ, पाण्यावर डुलल्यासारखा. शांगोचा ‘आलुजा’ धडाडणारा. इआन्सांचा ठेका इतका जलद, की त्याला ‘थाळ्या फोडणारा’ असे टोपणनाव पडले. ओमोलूचा ‘ओपानिजे’ अडखळत, जड पावलांनी चालतो. दुखणाईत माणसाची चालच ती. गाणी मुख्यतः जुन्या योरुबात, आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांतला शब्दन् शब्द कळतोच असे नाही. देवाला कळतो, एवढे पुरते. सुरुवात एशूला त्याचा वाटा देऊन होते, कारण तो वाटेवरचा. त्याला डावलून पुढे जाता येत नाही. मग ओगुमपासून क्रमाने एकेकाला गात-गात शेवटी ओशाला.

उंबांदाची गाणी पोर्तुगीजमध्ये असतात. त्यांना ‘पोंतो’ म्हणतात. दोन ते चार ओळी, सोपी चाल, पुन्हा पुन्हा तेच. बोलावण्याचा पोंतो वेगळा, निरोपाचा वेगळा, धूप फिरवण्याचा वेगळा, कुणी केलेली करणी उलटवण्याचा वेगळा. ज्या आत्म्याचे नाव घ्यावे, तो येतो. चुकीचे नाव घेतले तर चुकीचा येईल किंवा कोणीच येणार नाही. येमांजाचे नाव बदलल्यावर माणसे का चिडली, याचा पहिला धागा इथे सापडतो. या परंपरेत गाण्यातले नाव म्हणजे हाक असते.

मग ख्रिस्ती संत कुठून आले?

याचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे : मालक आणि पाद्री यांच्या भीतीने गुलामांनी आपले देव संतांच्या मूर्तींमागे लपवले. वर सेंट बार्बरा, खाली इआन्सां. हे खरे आहे, पण अर्धेच. निव्वळ मुखवटाच असता तर भीती गेल्यावर तो गळून पडायला हवा होता. तसे झाले नाही. माणसांनी देवांची आणि संतांची ओळख एकमेकांशी पटवली, आणि ती पटवताना डोके लावले.

सेंट बार्बरा युरोपातही विजेपासून वाचवणारी, इआन्सां वादळाची. जमले. अंगावर फोड आणि पायाशी कुत्री असलेला सेंट लाझरस रोगांच्या ओमोलूशी जुळला. चिलखत घालून, घोड्यावर बसून, भाल्याने अजगर मारणारा सेंट जॉर्ज रिओत ओगुम झाला. बाहियात मात्र तोच सेंट जॉर्ज शिकारी देव ओशोसी ठरला, कारण तिथल्यांना त्याच्यात योद्ध्याआधी श्वापद मारणारा दिसला. मग बाहियात ओगुम कोण? सेंट अँथनी. कडेवर बाळ येशू घेतलेला हा सौम्य फ्रान्सिस्कन साधू युद्धदेव कसा काय? तर पोर्तुगीज अमलात ब्राझीलमध्ये सेंट अँथनीची सैन्यात रीतसर भरती झाली होती. त्याला हुद्दा होता, पगार होता आणि बढतीही मिळत असे. साल्वाडोरच्या गुलामांनी सरकारी हजेरीपट वाचला नसेल, पण संत शिपाई आहे हे त्यांना ठाऊक होते.

पोर्तुगीजांच्या राज्यात असे इतरत्रही घडले. गोव्यात म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानली जाते आणि तिला तेल वाहायला हिंदूही जातात. तिथली घडण वेगळी, इथली गुलामगिरीतली. पण नाते जोडताना एकाने दुसऱ्याला गिळायचे नाही, ही रीत दोन्हीकडे दिसते. म्हणून ‘मुखवटा’पेक्षा ‘सोयरीक’ हा शब्द मला जास्त बरोबर वाटतो. सोयरिकीत दोन्ही घरांची आडनावे शिल्लक राहतात.

गाण्यात इतिहास किती उरला आहे?

बराच, आणि अनपेक्षित जागी. उंबांदातील ओगुमच्या अनेक पोंतोंमध्ये उमाइता हे रणांगण येते. ते आफ्रिकेतले नाही, पुराणातलेही नाही. तो पॅराग्वे नदीवरचा किल्ला आहे. पॅराग्वेविरुद्धच्या युद्धात (१८६४-१८७०) ब्राझीलच्या बाजूने मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांत लढण्यासाठी मोकळे केलेले गुलामही होते. १८६८ मध्ये उमाइता पडला. पाठ्यपुस्तकात सेनापतींची नावे राहिली, भक्तिगीतात मात्र किल्ला ओगुमने जिंकला. ज्यांनी तो खरोखर जिंकला, त्यांच्या नातवंडांनी आपल्या राखणदाराला तिथे उभे केले.

दुसरा शब्द ‘आरुआंदा’. म्हाताऱ्या गुलामांचे आत्मे जिथून येतात आणि गाणे संपल्यावर जिथे परत जातात, तो लोक. हा शब्द लुआंडावरून आला, असे मानतात. लुआंडा ही अंगोलाची राजधानी. माणसांना साखळदंडात जहाजांवर चढवले जाई ते बंदर. मागे राहिलेल्या त्या किनाऱ्याचा गाण्यात स्वर्ग झाला. या आत्म्यांची नावेही पाहावीत : अंगोलाचे बाबा जोआकिम, काँगोची मारिया आजी. गुलामांच्या नोंदवहीत नावापुढे मूळ बंदर किंवा प्रदेश लिहीत. ती हीन ठरवणारी खूण इथे आदराचे बिरुद झाली. प्रेतो-वेल्यो अंगात आलेला माणूस वाकतो, बुटक्या स्टुलावर बसतो, पाइप ओढतो, कॉफी मागतो आणि समोरच्याच्या अंगावरून सताप या उग्र वासाच्या पाल्याची डहाळी फिरवत हलक्या आवाजात सल्ला देतो. त्यांचा दिवस १३ मे, गुलामगिरी संपल्याचा. ज्याला कोणीही वाचवले नाही, तो इथे दुसऱ्यांना वाचवायला बसलेला असतो.

संरक्षणाची कल्पनाही नीट समजून घ्यायला हवी. भाविक म्हणतात, ‘अंग बंद करून घ्यायचे’. म्हणजे गोळी, सुरी, नजर, करणी कशालाच आत शिरायला फट उरू नये. सेंट जॉर्जची एक जुनी प्रार्थना हेच मागते : संताची शस्त्रे आपल्या अंगावर असावीत आणि शत्रूचे हात, पाय, डोळे यांपैकी काही आपल्यापर्यंत पोहोचू नये. जॉर्ज बेन यांनी १९७५ मध्ये तिला चाल लावली. झेका पागोजिन्यो यांच्या २००८ मधील ‘ओगुम’ या सांबात याच जॉर्ज बेन यांच्या आवाजात ती प्रार्थना येते. एकाच गाण्यात ओगुमही आणि सेंट जॉर्जही. रोमने १९६९ मध्ये संतांची दिनदर्शिका सुधारताना जॉर्जचा सण ऐच्छिक केला. रिओ राज्याने २००८ पासून २३ एप्रिलला सार्वजनिक सुट्टी दिली.

पोलिसांनी ढोल का जप्त केले?

१८८९ मध्ये ब्राझील प्रजासत्ताक झाले, धर्म आणि राज्य वेगळे झाले. पण १८९० च्या दंडसंहितेने ‘जादू’ आणि आत्म्यांशी संवाद हे गुन्हे ठरवले, आणि ते कलम कुणावर चालले हे सांगायला नको. तेरेइरोंवर छापे पडत. पुरोहित तुरुंगात जात, ढोल पोलीस ठाण्यात. १९३८ साल या बाबतीत अजब आहे. त्या वर्षी रिओ पोलिसांकडच्या जप्त वस्तूंचा संग्रह राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवला गेला, पण ‘काळी जादू’ या नावाखाली. त्याच वर्षी साओ पाउलोच्या सांस्कृतिक विभागाने लेखक मारियो द आंद्रादे यांच्या पुढाकाराने लोकसंगीत ध्वनिमुद्रित करायला एक पथक उत्तरेकडे पाठवले. रेसिफे शहरात पूजेवर बंदी होती, आणि पथकाने गोळा केलेल्या वस्तूंमध्ये पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूही होत्या. बाहियात तर तेरेइरोला पूजेसाठी पोलिसांचा परवाना लागे. ती अट १९७६ मध्ये गेली. रिओतील ५१९ जप्त वस्तू ‘आमचे पवित्र मुक्त करा’ या मोहिमेनंतर २०२० मध्ये पोलिसांच्या ताब्यातून प्रजासत्ताक संग्रहालयाकडे गेल्या.

विरोधाभास असा की याच काळात याच ढोलांतून देशाचे राष्ट्रीय संगीत घडत होते. रिओत बाहियाहून आलेल्या तिया सिआता या ओशुमच्या उपासक बाईंच्या घरी सांबाचे कलावंत जमत. सांगतात, की पुढच्या खोलीत प्रतिष्ठितांना चालेल असे संगीत आणि मागच्या अंगणात ढोल. पुढे हे सगळे रेडिओवर आले. बाडेन पॉवेल आणि कवी विनिसियस द मोराइस यांच्या १९६६ च्या ‘आफ्रो-सांबा’ तबकडीतील निम्म्याहून अधिक गाणी ओरिशांच्या आणि आत्म्यांच्या नावाची आहेत. दोरिवाल काइमी यांनी साल्वाडोरच्या गांतोइस तेरेइरोच्या प्रमुख मेनिनिन्या माई यांच्यावर १९७२ मध्ये रचलेली प्रार्थना घराघरांत पोहोचली. स्त्री गायिकेच्या तबकड्या खपत नाहीत, हा समज क्लारा नुनेस यांनी याच दशकात मोडला. पांढरा झगा, गळ्यात माळा, आणि तोंडी उंबांदाचे देव.

भारतीय वाचकाने थांबावे असे एक पथक साल्वाडोरमध्येच आहे. गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये, बंदरावरच्या गोदी कामगारांनी कार्निव्हलसाठी ‘फिल्योस द गांधी’, गांधींचे पुत्र, हे पथक काढले. पांढरे फेटे, निळ्या-पांढऱ्या माळा, हजारो पुरुष. वाजतो तो इजेशा, गाणी कांदोंब्लेतली. पांढरा हा ओशालाचा, शांतीचा रंग. गांधींची पांढरी वस्त्रे त्यांना लगेच ओळखीची वाटली असणार. जिल्बेर्तो जिल या पथकात सामील झाले आणि त्यांनी त्याच्यावर गाणेही केले. पोरबंदरचा वैष्णव असा ओशालाच्या मिरवणुकीत अजूनही चालतो आहे.

संत नकोत, असे कोण म्हणाले?

खुद्द कांदोंब्लेच्या पुरोहिता. १९८३ मध्ये साल्वाडोरमध्ये ओरिशा परंपरेची जागतिक परिषद भरली. त्यानंतर स्टेला द ओशोसी, मेनिनिन्या आणि आणखी काही मान्यवर तेरेइरो-प्रमुखांनी जाहीर निवेदन काढले : इआन्सां म्हणजे सेंट बार्बरा नव्हे, गुलामगिरीत जुळवून घेणे भाग होते, आता आमचा धर्म स्वतःच्या पायावर उभा आहे. या म्हणण्यात वजन आहे. आपल्या देवाला प्रतिष्ठा मिळायला दुसऱ्याच्या संताची चिठ्ठी का लागावी? पण निवेदनाने लोकांची सवय फारशी मोडली नाही. अनेक तेरेइरोंत दीक्षेनंतर चर्चमध्ये मासला जाण्याची पद्धत राहिली, आणि उंबांदाला तर संत काढून टाकणे शक्यच नव्हते. तो त्यांच्यासकटच जन्मला.

आता येमांजाकडे परत येऊ. सोयरिकीत मरीया आली तेव्हा येमांजा राहिली. स्टेला माईंनी बार्बराला बाजूला केले तेव्हा चर्चमधल्या बार्बराला कोणी हात लावला नाही. लेइते यांच्या बदलाने मात्र एक नाव पुसून दुसरे लिहिले, आणि तेही कृष्णवर्णीय बाहियाच्या तालावर. गायिकेला आपल्या श्रद्धेप्रमाणे गाण्याचा हक्क आहे, हा युक्तिवाद पोकळ नाही. नको त्या देवाचे नाव घेण्याची सक्ती कोणावर व्हावी? पण ताल ठेवायचा, बाजारपेठ ठेवायची आणि ज्यांचा ताल त्यांचा देव तेवढा वगळायचा, याला बाहियातल्या लोकांनी जे नाव दिले ते ‘धार्मिक वंशभेद’. साल्वाडोरच्या रस्त्यांवर इआन्सांचा नैवेद्य असलेले ‘अकाराजे’ हे चवळीचे वडे ‘येशूचे वडे’ म्हणून विकले जाऊ लागले, तेव्हाही भांडण हेच होते. बाडेन पॉवेल यांनीही उतारवयात इव्हँजेलिकल झाल्यावर ‘सारावा’ हे आत्म्यांना करायचे अभिवादन उच्चारणे सोडले होते. त्यांनी मात्र त्या जागी दुसरे काही घातले नाही.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर सोपा होता. १९९९ मध्ये साल्वाडोरच्या जिल्दा माई या पुरोहितेचे छायाचित्र एका बड्या चर्चच्या वृत्तपत्राने भोंदूंवरील मजकुराला जोडून छापले. त्यानंतर त्यांच्यावर आणि त्यांच्या तेरेइरोवर हल्ले झाले. २१ जानेवारी २००० रोजी त्यांचे निधन झाले. हा दिवस २००७ च्या कायद्याने धार्मिक असहिष्णुताविरोधी दिन ठरला. २०१५ मध्ये रिओत पूजेहून पांढऱ्या कपड्यांत परतणाऱ्या ११ वर्षांच्या मुलीला डोक्यात दगड लागला. रिओच्या काही वस्त्यांत स्वतःला ख्रिस्तभक्त म्हणवणाऱ्या अमली पदार्थांच्या टोळ्यांनी बंदुकीच्या धाकावर तेरेइरो बंद पाडले. अशा ठिकाणी ढोलाचा पहिला ठोकाच पत्ता सांगून टाकतो, म्हणून काही जण आवाज न करता पूजा उरकतात. राखणदाराला हाक मारणेच जोखमीचे झाले.

तरीही २०२२ च्या जनगणनेत उंबांदा-कांदोंब्ले मानणाऱ्यांचे प्रमाण २०१० मधील ०.३ टक्क्यावरून १ टक्क्यावर गेले. एवढ्या काळात भक्त तिप्पट झाले, की पूर्वी ‘कॅथलिक’ लिहिणारे आता उघड बोलू लागले? दुसरी शक्यता नक्कीच मोठी आहे. त्याच वर्षी रिओच्या कार्निव्हलमध्ये ‘ग्रांदे रिओ’ हे पथक विजेते ठरले, आणि त्याचा विषय होता एशू. पाद्र्यांनी ज्याला सैतान ठरवले तोच नाक्यावरचा राखणदार.

साल्वाडोरमध्ये दरवर्षी ४ डिसेंबरला, येमांजाचे नाव ज्या महिन्यात बदलले गेले त्याच महिन्यात, सेंट बार्बराचा सण होतो. कृष्णवर्णीयांच्या बंधुसंघाने उभारलेल्या रोझारिओ चर्चमध्ये मास होतो, त्यात ढोल वाजतात. बार्बराचा रंग लाल, इआन्सांचाही लाल, त्यामुळे चर्चसमोरचा सगळा उतार लाल कपड्यांनी भरतो. मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक आधी अग्निशमन दलाच्या ठाण्यात जाते, कारण आगीशी लढणाऱ्यांची राखण तिच्याकडे, मग बाजारात. गर्दीतले काही जण ‘सेंट बार्बरा की जय’ अशा अर्थाचा पुकारा करतात, काही इआन्सांला तिचे योरुबा अभिवादन देतात. पुष्कळजण लागोपाठ दोन्ही देतात.